कागदावरचा पोशाख

पांढऱ्या कागदाचा एक ताव आहे. त्यावर पेन्सिलीच्या वीस-पंचवीस रेघांत एक स्त्री उभी आहे. डोके लिंबाएवढे, मान बगळ्यासारखी लांब, कंबर मुठीत मावेल इतकी बारीक, आणि कमरेखाली एकदम फुलून गेलेला घेर. चेहऱ्याला डोळे आहेत तर नाक नाही, आणि पावलांच्या जागी नुसती दोन टोके. आपल्या शाळेतील ड्रॉइंगच्या मास्तरांनी ही आकृती पाहिली असती, तर प्रमाण चुकले म्हणून तिच्यावर लाल रेघ ओढली असती. मनुष्याची उंची साधारणपणे त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते. या कागदावरील बाई नऊ डोकी उंच आहे, क्वचित त्याहूनही अधिक. अशी बाई पॅरिसमध्ये नव्हती, आणि अन्यत्रही नव्हती. तरीसुद्धा १९४७ नंतरची दहा-बारा वर्षे पॅरिसच्या शिवणघरांतून असे जे कागद निघाले, त्यांच्यावरून अर्ध्या जगातील स्त्रियांच्या झग्यांची लांबी-रुंदी ठरत गेली. हा कागद म्हणजे नेमके काय, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो आणि शेवटी त्याचे काय होते, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. पोशाखांची चित्रे दोन प्रकारची असतात. एक प्रकार मासिकांत छापण्यासाठी काढलेल्या चित्रांचा. पोशाख शिवून तयार झाला, कोणीतरी तो अंगात घातला, आणि मग चित्रकाराने तो पाहून चित्र काढले. रने ग्र्यूओ हा या विद्येतील मोठा कलावंत होऊन गेला. शाईच्या दोन फटकाऱ्यांत तो रेशमाची सळसळ दाखवी. दुसरा प्रकार पोशाख अस्तित्वात येण्यापूर्वीच्या कागदाचा. त्याला चित्र म्हणणे तितकेसे बरोबर नाही. सरकारी भाषेत बोलायचे तर तो मसुदा आहे. तो पाहणाऱ्याने ‘वाहवा’ म्हणावे अशी त्याची अपेक्षा नसते. पाहणाऱ्याने कात्री उचलावी, एवढेच त्याचे मागणे असते.

या दुसऱ्या प्रकारच्या कागदावर ज्याचे सारे आयुष्य उभे राहिले, तो ख्रिस्तियां दिओर. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्रानव्हिल या गावी १९०५ साली त्याचा जन्म झाला. घरचा खतांचा कारखाना होता, सुखवस्तूपणा होता. पण १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि मुलावर पोटासाठी काही उद्योग करण्याची पाळी आली. दिओरला शिवण येत नव्हते. येत होते ते चित्र काढणे. तेव्हा तो टोप्यांची आणि झग्यांची रेखाटने काढून पॅरिसच्या निरनिराळ्या शिवणघरांना विकू लागला, वृत्तपत्रांसाठी चित्रे काढू लागला. पुढे १९३८ साली रोबेर पिगे याच्याकडे, आणि महायुद्धाच्या काळात ल्युसियां लेलाँ याच्याकडे त्याने नोकरी केली. मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्या धनिकाने पैसा पुरवला, आणि १९४६ च्या अखेरीस पॅरिसमधील आव्हेन्यू मोंतेन येथे ३० क्रमांकाच्या इमारतीत दिओरचे स्वतःचे शिवणघर सुरू झाले.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी त्याने आपला पहिला पोशाखसंग्रह दाखवला. त्यातील ‘बार’ नावाचा जोड सर्वांत गाजला. वर शांतुंग रेशमाचे फिक्या सायीच्या रंगाचे जाकीट. खांदे मऊ आणि उतरते, कंबर आवळलेली, कमरेखाली जाकिटाचा घेर आतून भर घालून बाहेर काढलेला. खाली काळ्या लोकरीचा, चुण्यांचा, पोटऱ्यांपर्यंत उतरणारा झगा. एका अमेरिकन मासिकाच्या संपादिका कारमेल स्नो यांनी या साऱ्या प्रकाराला ‘न्यू लूक’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. त्यात नवीन किती होते, हा प्रश्नच आहे. आवळलेली कंबर आणि भरघोस घेर या एकोणिसाव्या शतकातल्या आजीबाईंच्या गोष्टी होत्या. नवी होती ती वेळ. युद्धाने कापडाचे दुर्भिक्ष केले होते. इंग्लंडात कापडाचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू राहिले. आपल्याकडेही १९४३ साली सुती कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला होता, आणि कंट्रोलच्या कापडासाठी लागलेल्या रांगा हा त्या पिढीच्या आठवणींतला एक कायमचा विषय होऊन बसला. अशा दिवसांत एका झग्याला वारावर वार कापड लावणारा मनुष्य काहींना उधळ्या वाटला, पुष्कळजणींना मात्र संकट सरल्याची ती द्वाही वाटली. त्याचा भांडवलदार स्वतः कापडाचा कारखानदार होता, ही गोष्ट येथे सहज लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता प्रश्न असा, की ज्याला शिवता येत नाही त्याच्या कागदातून जाकीट बाहेर पडते कसे? दिओरची पद्धत ठरलेली होती. संग्रहाची वेळ जवळ आली की तो शहर सोडून खेड्यातील आपल्या घरी जाई आणि दिसेल त्या कागदावर लहानलहान रेखाटने काढीत सुटे. त्यांची संख्या शेकड्यांनी असे. त्यांतून निवड होई आणि निवडलेले कागद शिवणघरातील निरनिराळ्या दालनांच्या प्रमुख बायांकडे जात. त्यांच्या माथ्यावर मार्गरीत कारे नावाच्या बाई होत्या. कागदावरील रेघ ही शिवण आहे, चुणी आहे की नुसती सावली, याचा निवाडा त्यांचा. पहिला प्रयोग रेशमावर करीत नसत. आपल्याकडील मांजरपाटासारखे साधे पांढरे कापड घेऊन लाकडी पुतळ्यावर ते टाचायचे, कापायचे, पुन्हा टाचायचे, असा क्रम असे. मूळ रेघ उतरली असे दिओरला वाटले, म्हणजे मगच खऱ्या कापडाची निवड. आणि मग जिवंत तरुणीच्या अंगावर पुन्हा एकदा सारे पारखून घेणे. शेवटी संग्रहाच्या तक्त्यावर त्या पोशाखाचे छोटे रेखाटन, शेजारी टाचणीने अडकवलेला कापडाचा तुकडा, पोशाख कोण घालणार तिचे नाव आणि तो कोणत्या दालनात शिवला त्याची नोंद, एवढे होत असे.

मी ज्या व्यवसायात आहे तेथे असे तक्ते रोज पाहावे लागतात, म्हणून या नोंदीचे मला विशेष वाटते. वरच्याने दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि खालच्याने त्यातून पंचवीस पानांचा आदेश निर्माण करायचा, हा आमचाही रोजचा संसार आहे. सही मात्र वरच्याची राहते. दिओरच्या घराने निदान तक्त्यावर तरी शिवणाऱ्याची जागा मोकळी सोडली होती. बाहेर, दुकानाच्या काचेत आणि मासिकाच्या पानावर, एकच नाव होते. येथे दुसऱ्या परंपरेचाही उल्लेख केला पाहिजे. क्रिस्तोबाल बालेन्सियागा हा मूळचा स्पेनचा. लहानपणी शिंप्याच्या हाताखाली शिकलेला. तो स्वतः बेतू शकत असे, शिवू शकत असे आणि न आवडलेली बाही स्वतःच्या हाताने उसवून पुन्हा लावीत असे. त्याच्या दृष्टीने खरा कागद म्हणजे कापडच. एकाने रेघ आधी पाहिली, दुसऱ्याने सूत आधी पाहिले. दोघांचेही झगे आज संग्रहालयांत आहेत. ‘बार’ जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहावयास मिळतो.

रेघेला एकदा किंमत आली की तिच्यामागे चोर येणारच. पॅरिसच्या पोशाखदर्शनाला येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांकडून आधी अनामत रक्कम घेत आणि सभागृहात पेन्सिल चालवण्यास सक्त मनाई असे. तरीही तल्लख स्मरणशक्तीची माणसे बाहेर पडून जवळच्या उपाहारगृहात बसत आणि पाहिलेले सारे कागदावर उतरवून काढीत. फ्रान्समध्ये कलाकृतींच्या हक्काचा कायदा १७९३ पासून होता, आरेखनांचा कायदा १९०९ सालचा. शिवाय १२ मार्च १९५२ रोजी वस्त्रभूषेच्या हंगामी धंद्यांना संरक्षण देणारा खास कायदाच करण्यात आला. म्हणजे झग्याच्या रेघेला त्या देशाने कवितेच्या ओळीइतका मान दिला.

आपल्याकडे असा कागद लागतच नसे. नऊवारी लुगड्याला कात्री नाही, शिवण नाही. त्याचा आकार रोज सकाळी नेसणारीच्या हातात ठरतो. कासोटा किती ओढून घ्यायचा, पदर डोक्यावर किती घ्यायचा, यावरून बाई कोणत्या गावची, कोणत्या घरची, हे चाणाक्ष डोळ्यांना कळत असे. चोळी शिवलेली असे खरी, पण खणाच्या चोळीची ठेवणही परंपरेने ठरलेली. शिंप्याला चित्र दाखवण्याऐवजी मापाला एक जुने पोलके दिले की काम भागत असे, आणि अद्यापही भागते. पोशाख आधी कागदावर सुचावा आणि मग शरीरावर यावा, ही कल्पना मराठी घरांत आली ती मासिकांच्या पानांतून आणि त्याहून अधिक सिनेमातून. त्या दोन्ही ठिकाणी एका मराठी स्त्रीचा हात होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

भानू अथैया या मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. ते लवकर गेले. भानुमती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. त्या गटातील हुसेन, सूझा, रझा ही नावे सर्वतोमुखी झाली. भानुमतींनी मात्र कॅनव्हास बाजूला ठेवून ‘फॅशन अँड ब्यूटी’ आणि ‘ईव्हज वीकली’ या स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने काढण्यास सुरुवात केली. पुढे ‘ईव्हज वीकली’च्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले आणि ‘कागदावर काढतेस तेच शिवून दे’ अशा अर्थाची मागणी केली. दिओर कागदावरून कापडाकडे गेला तोच हा रस्ता. फरक इतका, की येथे मागे कोणी गिरणीवाला उभा नव्हता. दुकानात येणाऱ्या नट्यांनी त्यांना चित्रपटांत नेले. ‘सी. आय. डी.’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२), ‘आम्रपाली’ (१९६६) अशी ती यादी मोठी आहे. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यादीतील एक नाव मला जवळचे आहे, ते ‘चौदहवी का चाँद’. १९६० सालचा, गुरुदत्त यांनी निर्मिलेला हा चित्रपट घडतो लखनौमध्ये. नबाबी शहरातील घराणी, पडदा, गरारे, ओढण्या हे सारे कोल्हापूरच्या एका मुलीने कागदावर उतरवायचे होते, आणि तेही शीर्षकगीत वगळता काळ्या-पांढऱ्या चित्रपटासाठी, म्हणजे रंगाचा आधार न घेता केवळ घेर, पारदर्शकता आणि चमक यांच्या बळावर. अवधच्या बेगमांचा जमिनीवर लोळणारा फर्शी पायजमा आणि दिओरचा वारावर वार झगा यांची जातकुळी तशी एकच. कापड उधळता येते, हेच दोघांनाही सांगायचे असते.

मी नोकरीनिमित्त लखनौला, इंदिरा नगरात राहतो. आवास विकास परिषदेने वसवलेली ही अफाट वसाहत. नबाबीचा येथे मागमूस नाही. क्रमांकांचे सेक्टर आहेत, मेट्रोचे खांब आहेत आणि कापडासाठी प्रसिद्ध असा भूतनाथ बाजार आहे. त्या बाजारातील शिंप्याला ‘मास्टरजी’ म्हणतात. मास्टरजींपुढे आता कोणी कागद ठेवीत नाही; मुली मोबाईलवरील छायाचित्र दाखवतात. पण त्या छायाचित्रातली सडपातळ नटी आणि समोरचे माप यांच्यातील तफावत मास्टरजींनी मनातल्या मनात सोडवायची असते. मार्गरीत कारेबाई जे करीत, तेच हे काम. त्यासाठी मांजरपाटाचा प्रयोग परवडत नाही. चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या कापडावरच होते.

परंतु लखनौची खरी रेघ मास्टरजींच्या दुकानात नाही; ती चिकनच्या कापडावर आहे. पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याचे हे भरतकाम सर्वांनी पाहिलेले असते. ते होते कसे, ते मात्र दुकानात दिसत नाही. रीत अशी, की शिंपी आधी कुर्ता बेतून देतो. मग छपाईवाला लाकडी ठप्प्यांनी त्यावर वेलबुट्टी उठवतो. त्याचा रंग मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, बहुधा निळा. हा छापलेला कुर्ता भरतकामासाठी लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांत आणि काकोरी, मलिहाबादकडच्या खेड्यांत घराघरांतून जातो. तेथे स्त्रिया त्या निळ्या रेघेवरून सुई चालवतात. टेपची म्हणजे आपला धावदोरा. बखिया उलट्या बाजूने भरतात, त्यामुळे वरून फक्त दोऱ्याची सावली दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी, फंदा त्याहून लहान आणि गोल. जालीत धागा काढून टाकीत नाहीत; मलमलीचे उभे-आडवे धागे सुईने बाजूला सारून छिद्रे पाडतात आणि तेथेच बांधून टाकतात. एका कुर्त्यावर अनेकींचे हात फिरतात, कारण जी जाली करते ती मुर्री करीलच असे नाही. सगळे संपले की कपडा धोब्याकडे जातो. तो धुतला, की निळी रेघ नाहीशी होते. भरतकाम राहते, आरेखन जाते.

पॅरिसमधील कागद सहीनिशी जपून ठेवला गेला; तो काचेखाली मांडला जातो, त्याच्या अंकावर अंक वाढवीत लिलाव होतात. भानू अथैया यांची रेखाटनेही त्यांच्या मृत्यूनंतर लिलावात गेली. चिकनचे आरेखन मात्र धुऊन टाकण्यासाठीच काढलेले असते. कोणी म्हणेल, ही कारागिराची निःस्पृह वृत्ती. मला तसे वाटत नाही. रेघ उरली नाही म्हणजे रेघ कोणाची, हा प्रश्नही उरत नाही, आणि त्याचा लाभ ज्याला व्हायचा त्याला होतो. या स्त्रियांना मजुरी नगावर मिळते, ती मध्यस्थामार्फत मिळते, आणि पुष्कळदा ती इतकी थोडी असते की कुर्त्याच्या दुकानातील किमतीशी तिची तुलना करणेही अवघड वाटावे. मुजफ्फर अली यांनी १९८६ साली ‘अंजुमन’ या चित्रपटात हीच कहाणी मांडली होती.

कायदा याबाबत काय म्हणतो? ‘लखनौ चिकन’ या नावाला २००८ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. त्यामुळे अन्यत्र यंत्रावर काढलेल्या भरतकामाला कोणी ‘लखनौ चिकन’ म्हणून विकले तर ते बेकायदेशीर ठरते. पण हे संरक्षण नावाचे आहे. अमुक एका स्त्रीने रचलेल्या अमुक एका वेलीचे नव्हे. वेलीसाठी दोन दारे आहेत. एक १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे. त्याचे पंधरावे कलम असे, की नोंदणीस पात्र असलेले आरेखन नोंदवले नाही आणि ते औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वस्तूंवर उमटले, तर त्यावरचा स्वामित्वहक्क संपतो. ठप्प्याने पन्नास कुर्ते छापायला किती वेळ लागत असेल, याचा अंदाज श्रोत्यांनी करावा. दुसरे दार २००० सालच्या आरेखन कायद्याचे. तेथे नोंदणी केली तर दहा वर्षे, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे हक्क राहतो.

पॅरिसची घरेही या हातांना ओळखून आहेत. दिओरच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, त्या घराचा तेव्हाचा रचनाकार मार्क बोआं याने मुंबईत आणि दिल्लीत आपले पोशाख आणून दाखवले होते. ३० मार्च २०२३ रोजी त्याच घराने मुंबईत, गेटवे ऑफ इंडियासमोर, आपला संग्रह सादर केला. मागे भरतकामाने मढवलेले प्रचंड तोरण उभारले होते. ते मुंबईच्या चाणक्य या कारखान्याच्या भरतकामाच्या शाळेत झाले आणि त्या कारखान्याचे नाव त्या प्रसंगी उघडपणे घेतले गेले. अनेक वर्षे युरोपातील बडी घरे भारतात भरतकाम करवून घेत आली, पण ते कोठे झाले हे सांगण्याची पद्धत नव्हती. त्या मानाने हे पाऊल पुढचेच म्हटले पाहिजे.

लखनौतील स्त्रियांनी नोंदणीचे दुसरे दार ठोठावायचे ठरवले, तर अर्जासोबत आरेखनाची प्रतिकृती जोडावी लागते. धोब्याकडे जाण्याआधी ती निळी वेल कोणीतरी कागदावर उतरवून घेतली पाहिजे, आणि खाली रचणारीचे नाव लिहिले पाहिजे. शिवाय ती वेल नवी असली पाहिजे. आजीच्या ठप्प्यावरून आलेली, सर्वांच्या परिचयाची बुट्टी नोंदणी-कार्यालय स्वीकारीत नाही.